भट्टीकडचं बेरिंग

पंख्याचं सांगायचं तर आधी कवेलूचं सांगावं लागतं. कवेलू नसते तर तो पंखा नसता, आणि पंखा नसता तर आमचे घरवाले मरेपर्यंत मिस्त्रीच राहिले असते.

चांद्याहून खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंग्रजी कवेलूचा, म्हणजे छपराच्या कौलांचा, एक कारखाना होता. तेव्हा चंद्रपूर म्हणायची रीत नव्हती, चांदाच म्हणत. स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. माझं माहेर तिकडे गडचिरोलीच्या बाजूला, धानाच्या बांध्यांचं म्हणजे भातखाचरांचं, जंगलाच्या काठाचं. लग्न होऊन मी कारखान्याच्या लाइनीत आले. मजुरांच्या खोल्या एका ओळीत असायच्या, त्याला लाइन म्हणत. आले आणि आठ दिवसांत कामाला लागले. डोक्यावर फळी, फळीवर ओले कवेलू, आणि साचाघरापासून वाळवणखोलीपर्यंत दिवसभर ये-जा. शाळा मी बाहेरूनच पाहिलेली. अक्षरं शिकले ती केस पिकल्यावर, म्हणून जसं बोलते तसंच लिहिते. चालवून घ्या.

ओला कवेलू तसाच भट्टीत घातला की तडकतो. आधी तो वाळावा लागतो. उन्हाळ्यात काही अडत नाही, पण पावसाळ्यात सगळा भार त्या पंख्यावर. भट्टीतली गरम हवा ओढायची आणि वाळवणखोलीत सोडायची, एवढंच त्याचं काम. पुरुषभर उंचीचा लोखंडी पंखा, पत्र्याच्या पेटीत बसवलेला. त्याचा दांडा दोन ठिकाणी टेकलेला होता, एक इंजिनाच्या पट्ट्याकडे आणि एक भट्टीकडे. दांडा जिथे टेकतो आणि फिरतो, ते बेरिंग. पट्ट्याकडचं बेरिंग गरीब होतं, त्याची वर्षानुवर्षं तक्रार नसायची. भट्टीकडचं मात्र दर पावसाळ्यात माणसाचं रक्त आटवायचं. आधी त्यात शिशासारखा पांढरा मऊ धातू ओतलेला असे, तो तापून वितळून वाहून जायचा. मग मालकांनी नागपूरहून छर्ऱ्यांची बेरिंगं आणायला सुरुवात केली. दोन पोलादी रिंगा, एकीत एक, आणि मधे गोल छर्रे. तेही तिथे टिकेना. आतलं ग्रीस पातळ होऊन गळायचं आणि छर्रे कोरडे पडायचे.

ते सगळं सांभाळायचं काम आमच्या घरच्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. सगळे त्यांना मिस्त्रीभाऊ म्हणत. त्यांच्याजवळ कसलं यंत्र नव्हतं, हात होता. दर तासाला जाऊन बेरिंगच्या लोखंडी घरावर चार बोटं टेकवायची आणि मनातल्या मनात आकडे मोजायचे. दहापर्यंत बोटं टिकली तर ठीक. पाचालाच उचलावी लागली तर वरून ओलं पोतं टाकायचं. तीनालाच उचलावी लागली तर पंखा बंद. ही रीत त्यांना त्यांच्या उस्तादानं दिली होती आणि त्याला त्याच्या उस्तादानं. मी एकदा म्हटलं, रोज बोटं भाजून घेता, काठी लावून पाहा की. तर हसले. म्हणाले, "काठीले काय समजते व. काठीले जीव हाय का?"

एक दिवस मी भात उतरवला नव्हता आणि त्यांना घाई होती. त्यांनी चुलीवरचं भगोनं काठाला धरून उचललं, फडकं न घेता, आणि शांतपणे खाली आणून ठेवलं. मी बघत राहिले. मला जळक्या कातडीचा वास आला. त्यांना वासही आला नाही आणि चटकाही बसला नाही. बोटाच्या टोकाला पांढरा फोड उठत होता आणि हे म्हणत होते, "वाढ न लवकर."

मी त्यांचा हात धरला आणि केसातली सुई काढून एकेका बोटाला टोचली. ते माझ्याकडे पाहत होते, बोटांकडे नाही. चार बोटं मेलेली होती, फक्त अंगठा तेवढा जिवंत. दुसऱ्या हाताची गतही तीच, एक हात पोळला की ते दुसरा लावायचे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून असन."

"दहा आकडे कसे मोजता मंग?"

"आता अंगठा लावतो," ते म्हणाले. "कोणाले समजत नाई."

आता तुम्ही म्हणाल, दवाखान्यात का नाही गेलात. सांगते. आमच्याकडे त्या काळात बोटांची जाण गेली म्हणजे एकच अर्थ होता, महारोग. मी यायच्या आधी लाइनीतल्या शेवटच्या खोलीत एक माणूस राहायचा. त्याच्या पाठीवर चट्टा दिसला आणि बोटं बधिर आहेत असं कोणीतरी बोललं. लोकांनी त्याची खाट उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली. त्याच्या बायकोला विहिरीवर येऊ देईनात. ती खोली मी आल्यावरही रिकामीच होती. हे नुसतं ऐकलेलं नाही, ती कुलूप लावलेली खोली मी रोज पाहत होते. दवाखान्याच्या पायरीवर आम्हाला कोणी पाहिलं असतं तर संध्याकाळी आमची खाट रस्त्यापलीकडे असती. मिस्त्रीचं काम गेलं असतं ते वेगळंच. म्हणून आम्ही दोघांनी तोंड शिवलं.

पण बेरिंगचं काम काही नुसतं तापलं की नाही पाहायचं नसतं. झिजलेलं ओळखावं लागतं. बाहेरची रिंग धरून आतली हलवायची. केसभरही हालचाल लागली, बारीकसा खडखडाट लागला, की समजायचं बेरिंग गेलं, बदला. हे सगळं बोटांच्या टोकांनी कळतं, अंगठ्यानं नाही. मग ते काय करायचे, पंखा धुवायला थांबला की बेरिंग काढून दुपट्ट्यात गुंडाळून दुपारच्या सुट्टीत खोलीवर आणायचे. मी दार ओढून घ्यायची. लुगड्याच्या चिंधीवर ठेवून तपासायची. रिंग कानाजवळ धरून फिरवायची. पहिल्या वेळी मला भीतीच वाटली, पण हात आपोआप शिकतो. लहानपणापासून जातं ओढलेलं, खुंटा सैल झाला की दळण जाडं पडतं हे हाताला आधीच ठाऊक. दोनदा मी "हे गेलं" म्हटलं आणि त्यांनी बदललं. एकदा म्हटलं "अजून महिनाभर चालते", आणि ते महिनाभर चाललं. मालक म्हणाले, मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही. हे त्यांनी मला घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो. खरं सांगते, त्या दिवसांत मला थोडा गर्वच झाला होता. बाईमाणूस फळ्या वाहते, आणि अख्खा कारखाना तिच्या बोटांवर चालतो.

तो पावसाळा जोराचा लागला. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसला नाही. वाळवणखोली खचाखच भरलेली, आणि भट्टीकडचं बेरिंग आवाज करायला लागलं. मालकांनी नागपूरहून दोन नवी बेरिंगं मागवली. म्हणाले, दोन्ही बाजूची बदला, कोणतं कुठं ते तुम्हीच पाहा.

दुपारी ते दोन्ही घेऊन आले. तेलकट पिवळ्या कागदात गुंडाळलेली, आरशासारखी. मी इतकी सुंदर वस्तू त्याआधी हातात घेतली नव्हती. मापाला दोन्ही सारखीच. कडेवर बारीक गोल खोदलेले होते, एकावर दोन, दुसऱ्यावर तीन. ती दुकानाची खूण असेल असं आम्हाला वाटलं.

दोन गोलांचं मी हातात घेतलं. हलवलं. जरा म्हणून हललं नाही. कानाशी धरून फिरवलं तर पाणी वाहावं तसं गुपचूप फिरलं.

मग तीन गोलांचं घेतलं. हलवलं आणि बोटांना खडखडाट लागला.

"हे नवं हाय न?" मी विचारलं. "का जुनंच घासूनपुसून पाठवलं दुकानदारानं?"

"नवंच हाय. कागद मी फोडला."

"मंग फसवलं तुमच्या मालकाले कोणी तरी. खडखडते हे."

त्यांनी ते माझ्या हातून घेतलं. हलवून पाहिलं. त्या मेलेल्या बोटांना काय कळणार. मग त्यांनी ते कानाशी नेलं आणि सावकाश फिरवून ऐकलं.

"मले वाटते," ते म्हणाले, आणि थांबले.

"काय वाटते?"

"काई नाई. उस्ताद एकदा म्हणे का गरम जागेचं लोखंड थंडेपणी पाहू नोको. असं काऊन म्हणे, ते ध्यानात नाई येत."

"उस्ताद शिशाच्या बेरिंगचे होते. ह्या छर्ऱ्यायचं वेगळं. तुम्ही बहिरे झाले का आता? ऐका न, कसं वाजून राह्यलं ते."

हे वाक्य मी बोलले. बोटं गेलेल्या माणसाला मी कानांवरून बोलले. पुढे आयुष्यभर मी हे वाक्य परत गिळायचा प्रयत्न करते आहे, जात नाही घशाखाली.

त्यांनी बेरिंग परत कागदावर ठेवलं. म्हणाले, "मंग भट्टीकडं कोणतं टाकू?"

"चांगलं तिकडं टाका. जड जमिनीत वखराले कोणता बैल जुपते माणूस, धडधाकट का लंगडा? लंगडा राहू द्या पट्ट्याकडं, तिकडं काय काम हाय त्याले."

ते हसले. बैलाचं त्यांना पटलं. आम्ही दोघंही शेतकऱ्याच्या घरचे, आम्हाला ते पटणारच. घट्ट बेरिंग भट्टीकडे बसलं आणि खडखडणारं पट्ट्याकडे.

दोन दिवस पंखा असा चालला की त्याचा आवाजच येईना. साचाघरातली म्हातारी काकी म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, पंख्याले झोपवलं का काय." तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगठा टेकवला आणि पाचालाच उचलला. ओलं पोतं टाकलं. मी फळी रिकामी करून परत येताना दर खेपेला त्या पोत्यावर तांब्याभर पाणी ओतत होते, त्यांनी खुणेनं सांगितलं म्हणून. पोत्यातून वाफ निघायची आणि मला वाटायचं, बरं झालं, थंड होतंय.

दुपारच्या आधी पंखा किंचाळला. जळक्या ग्रीसचा वास सगळीकडे पसरला, पट्टा सुटून पत्र्यावर आपटला, आणि मग पंखा थांबला. इतका जोरात थांबला की दांडा वाकला. माझ्या डोक्यावर भरलेली फळी होती. मी ती खाली ठेवायचंही विसरले.

पाऊस सुरूच होता. वाळवणखोलीतले कवेलू घाम आल्यासारखे ओले झाले, मग बसले, वाकले. चार दिवसांनी ते सगळे पुन्हा मातीत टाकावे लागले. फळ्या वाहणाऱ्या बाया शेडखाली रिकाम्या बसून होत्या. त्यात माझा हात होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांच्यातच बसले होते.

मालकांनी नागपूरहून एक म्हातारा मिस्त्री बोलावला. त्यानं येताच अडकलेलं बेरिंग ठोकून बाहेर काढलं. छर्रे निळे-काळे पडले होते. मग त्यानं पट्ट्याकडचं काढलं, पुसलं, कडेवरचे तीन गोल पाहिले आणि मान हलवली.

"अरे भाऊ," तो आमच्या घरच्यांना म्हणाला, "ये तो उल्टा लगा दिया. हे ढिलं बेरिंग भट्टीकडचं होतं न."

"खडखडत होतं," हे म्हणाले.

"खडखडनारच. मुद्दाम ढिलं बनवते. दांडा आतून तापते, तर आतली रिंग फुगते. बाहेरची रिंग थंड राह्यते. त्यात तुम्ही वरून ओलं पोतं टाकलं, म्हणजे तिले अजून आवळली. मंग मधातले छर्रे जातीन कुठी? थंडं असताना जे खडखडते, तेच तापल्यावर बरोबर बसते. दोन गोल म्हणजे साधं, तीन म्हणजे ढिलं. झिजलेलं खडखडते ते वेगळं, नवं खडखडते ते वेगळं. इतकं तर हातालेही समजते. कोणं लावलं हे?"

मी दहा पावलांवर होते. साऱ्या बाया ऐकत होत्या. त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती, तो शिकवत होता. मला वाटलं, आता बोलावं. माझ्या तोंडाशी आलंही.

"मी लावलं," हे म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

संध्याकाळी मालकांनी त्यांना बोलावून सांगितलं की पंखा आता दुसरा माणूस पाहील, तुम्ही हवं तर मातीच्या खाणीवर राहा. खोलीवर आल्यावर मी म्हटलं, मी जाते, मालकांना सांगते की हात माझा होता, चूक माझी होती.

"सांग," ते म्हणाले. "मंग ते विचारतीन, मिस्त्री असून बायकोच्या हातानं काऊन पाह्यलं. काय सांगशीन?"

मी दारातच उभी राहिले.

"बैस," ते म्हणाले. "जेवू दे मले."

मातीच्या खाणीवर ते गेले नाहीत. लोक अजून हसत नव्हते, पण हसायला लागतील हे त्यांना दिसत होतं. त्याच आठवड्यात आम्ही दोघं माझ्या माहेरी आलो. भावाकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू होता. माणसं कमी होती. आमच्याकडे धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटून पेंढ्या टाकायचं काम पुरुषांचं आणि चिखलात रोवायचं काम बायांचं. पेंढ्या संपल्यावर हे आपणहून आमच्या ओळीत येऊन वाकले. फुकटचं खाणं त्यांना जड जात असावं. बाया चेष्टा करत होत्या, जावईबापू लुगडं आणू का, वगैरे. तेही हसले, आणि मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी ते हसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधीत पाणी निवळलं तर त्यांच्या ओळीतले परे वर तरंगत होते. सगळे नाही, पण बहुतेक. रोप चिखलात दाबताना बोटांना कळावं लागतं की मुळाला चिखलानं धरलं. धरलं की बोट सोडायचं. त्यांना ते कळलंच नव्हतं, ते नुसतं पाण्यात ठेवत गेले होते. माझी वहिनी बांधावर उभी राहून म्हणाली, "हे का जी, तुमचे परे पोहून राह्यले." ती थट्टेनंच म्हणाली होती. मग तिची नजर त्यांच्या हातांकडे गेली, तिथल्या जुन्या-नव्या फोडांकडे, आणि ती दोन पावलं मागे सरकली. त्या दिवशी तिनं त्यांचं ताट वेगळं वाढलं.

भावानं मात्र मला बाजूला घेऊन विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो शहाणा निघाला, ओरडला नाही. दुसऱ्याच दिवशी आम्हाला घेऊन गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी यांना उघडं करून उन्हात उभं केलं, सगळं अंग पाहिलं, कापसानं, टाचणीनं, कोपराजवळची शीर दाबून. मग हात धुऊन म्हणाले, "हा तो रोग नाही. बोटं भाजून भाजून मेली आहेत. काय काम करता?"

यांनी सांगितलं.

"दिवाळीत जेव्हा लक्षात आलं तेव्हाच आला असता आणि चार महिने गरम लोखंडापासून दूर राहिला असता, तर बहुतेक परत आली असती," डॉक्टर म्हणाले. "आता मी काही सांगू शकत नाही."

तीन मैल चालत घरी आलो. भाऊ पुढे, हे मधे, मी मागे. मला एवढंच कळत होतं की जे आम्ही लपवलं ते मुळात नव्हतंच. दवाखान्याच्या एका पायरीला भिऊन मी त्यांची बोटंही गमावली आणि कामही. आणि त्या घट्ट बेरिंगला "चांगलं" म्हणणारी बोटं माझीच होती, ती आजही धडधाकट आहेत. सुईत दोरा मी अजून एका दमात ओवते.

ताट परत सगळ्यांबरोबर आलं. पण हाताला काम मिळालं नाही. खिळा धरता येत नव्हता, गाठ मारता येत नव्हती, बैलाच्या खुरातला काटा चाचपता येत नव्हता. शेवटी भावाची गुरं राखायचं काम त्यांनी घेतलं. त्याला बोटं लागत नाहीत. पुढची सगळी वर्षं ते सकाळी काठी घेऊन जंगलाच्या कडेनं निघायचे आणि दिवस मावळता यायचे. मशीन, पंखा, कारखाना, यातला एकही शब्द त्यांच्या तोंडून मी परत ऐकला नाही. एकदा मात्र मला राहवलं नाही. ते गोठ्याशी बसले होते, मी जवळ जाऊन म्हटलं, "तुमाले उस्तादाचं बोलणं आठवलं होतं. मीच तुमाले बोलू देलं नाई. मले शिव्या तरी देऊन टाका एकदा."

ते माझ्या पलीकडे बघत होते.

"पाह्य बरं," ते म्हणाले, "ते लाल गाय वळली का बांधीकडं."

मी उठले आणि गाय वळवून आणली.